उडता मरत न्हाई

लोह्याच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात उमाशंकरने टेबलावरून मोबाइल पुढे सरकवला आणि म्हणाला, "साहेब, ही आपली लुंबिनी न्हाई का?" तेव्हा रविकांतच्या हातात भज्याचा अर्धा तुकडा होता, आणि पुढे बराच वेळ तो हातातच राहिला. सोमवार होता. बारा वाजता मोजणी होती, दोन भावांच्या बांधाची. नोटिसा निघालेल्या होत्या आणि दोघेही भाऊ आपापले साक्षीदार घेऊन सकाळपासून शेतात उभे असणार होते. रविकांत भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होता, बावीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजत आला होता. बापाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, पण लेकाने हद्दीची खूण दाखवली की पंचवीस एकरांचे धनी मुकाट मान डोलावत, ह्याचं त्याला सुख होतं आणि ते सुख तो लपवत नसे. उमाशंकर त्याच्याच खात्यातला, दहा वर्षांनी लहान, चहा येईपर्यंत मोबाइलवर बोट फिरवत बसणारा. "व्हय का न्हाई?" त्याने पुन्हा विचारलं. रविकांतने चष्मा घातला. चष्म्याशिवायही त्याला दिसलं होतंच.

रीलवर लिहिलं होतं, 'लातूरकरांची खतरनाक रिअ‍ॅक्शन'. शुक्रवारी लागलेल्या त्या सिनेमातून माणसं बाहेर पडत होती, त्या उडणाऱ्या, मुखवटेवाल्या, जग वाचवणाऱ्या हिरोच्या सिनेमाचा हा शेवटचा भाग. कुणाच्या पाठीला तांबडा टॉवेल बांधलेला, कुणाचे डोळे सुजलेले. एक दाढीवाला पोरगा म्हणत होता, "भाऊ, बाप पिच्चर हाय, पण मेला आपला भाऊ, काळीज फाडून नेलं." एक बाई पदराने नाक पुसत हसत होती, "लेकरांसंगं आल्ते, मीच जास्त रडले." कुणी म्हणे पैसा वसूल, कुणी म्हणे पुढचे चार दिवस जेवण जाणार नाही. आणि मग लुंबिनी. पाठीवर सॅक, गळ्यातलं क्लासचं ओळखपत्र उलटं करून ठेवलेलं, म्हणजे नाव दिसू नये. तेवढी हुशारी होती. ती रडत नव्हती. सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "तो मरत न्हाई." माइक धरणारा हसला, "ताई, शेवटी तर गेला की वो!" तर ही म्हणाली, "आत दाखवलं ते सोडा. उडता मरत न्हाई." संपलं. खाली लोकांनी नेहमीप्रमाणे अक्कल पाजळली होती. ही झोपली होती का, इंटरवललाच निघून आली काय, हिला दुसरंच थेटर सापडलं वाटतं. रविकांतने ते पुन्हा लावलं. शुक्रवारी दुपारी लुंबिनीची टेस्ट असते. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी पोरगी लातूरला दुसऱ्यांदा ठेवलेली, वसतिगृहात मोबाइल बंद, संध्याकाळी पाच वाजता दहा मिनिटं तिथल्या फोनवरून बोलायची मुभा. हे सगळं त्याच्या डोक्यात रांगेने येऊन उभं राहिलं. पण ज्याने हातातलं भजं थांबवलं ते हे नव्हतंच. 'उडता' हा शब्द त्या सिनेमात कुठेही नव्हता. हिरोला भलंमोठं इंग्रजी नाव होतं. त्याला उडता म्हणणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याला जाऊन दहा महिने झाले होते.

"मोजणी तू कर," तो उमाशंकरला म्हणाला. "मी लातूरला जाऊन येतो." उमाशंकर घाबरला. "लेकराला मारू बिरू नका साहेब. पिच्चरच पाह्यला ना, कुणाचा खून तर न्हाई केला." त्याने उभ्या आयुष्यात पोरीवर हात उचलला नव्हता, पण शब्दाने किती लागतं हे त्याला इतरांपेक्षा जास्त माहीत होतं. नांदेडहून आलेली लातूरची बस लागलेलीच होती. खिडकीजवळची जागा मिळाली. बस लोह्याच्या बाहेर पडली तसा दोन्ही बाजूंना घाट्याला आलेला हरभरा आणि मधूनमधून करडईचा पिवळा पट्टा सुरू झाला. एरवी अशा वेळी त्याचे डोळे आपोआप बांध शोधत, कुणी कुणाचा किती कोरला ते बघत. आज त्याला नुसतं पिवळं दिसत होतं.

पुढच्या बाकावर कॉलेजची दोन पोरं होती आणि त्यांचंही तेच चाललं होतं. एकाने सिनेमा दोनदा पाहिला होता, दुसऱ्याने एकदा, म्हणून दोनदावाल्याचा आवाज मोठा होता. "ते आख्खं शहर हातावर धरून उभा राहतो ना, तवा आमच्या मागं एक म्हातारा उभाच राहिला. बस म्हणलं तर बसंना." दुसरा म्हणाला, "पुढच्या भागात येतोय बघ परत." "न्हाई येत. काढणाऱ्यांनीच सांगितलं, संपला म्हणून." "संपला म्हणतेत आन् आणतेत. सगळेच आणतेत." रविकांतला वाटलं, पोरं थट्टा करून राहिलीत. पण दोनदावाला खिडकीतून बाहेर बघत हळूच म्हणाला, "आला पाह्यजे राव." ते तो घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलला. म्हणजे मरतो, हे नक्की झालं. सिनेमात तो मरतो. आणि लुंबिनीने ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

ग्यानोबा, रविकांतचा बाप, कंधारच्या आडतीवर हमाल होता. त्या काळी कंधारला तंबूतला टॉकीज यायचा, पण तिथं येणारा पिच्चर म्हातारा होऊनच यायचा. नवा पाहायचा तर नांदेड गाठायचं. सगळी वस्ती कशी जाणार? म्हणून वस्तीने सोय लावली होती. महिन्यातून एकदा सगळ्यांच्या वतीने एकच माणूस नांदेडला जाऊन पिच्चर पाहून यायचा, आणि रविवारी विहारात वंदना झाली की पायऱ्यांवर बसून सगळ्यांना तो सांगायचा. हा मान ग्यानोबाचा होता, कारण त्याच्या डोक्यातून काही सांडत नसे. हाणामारी तो अंगाने सांगायचा, गाणी गुणगुणून, आणि बायांसाठी नटीच्या लुगड्यांचे रंग ओळीने. बरोबर मध्यावर हात वर करून तो इंटरवल करायचा. मग माणसं खरोखर उठून पाणी पिऊन यायची. आडतीवर त्याला कुणी नावानेही हाक मारत नसे, पण त्या पायऱ्यांवर गावचा मास्तरसुद्धा मागे उभा राहून ऐकायचा. रविकांत पुढे मांडी घालून बसायचा. आपला बाप मोठा माणूस आहे ह्यात त्याला तेव्हा कणभर शंका नव्हती.

तेराव्या वर्षी तो नांदेडला सरकारी वसतिगृहात आला. एका संध्याकाळी पोरं एका गाजलेल्या सिनेमाबद्दल बोलत होती. रविकांतनेही तो 'पाहिला' होता, विहाराच्या पायऱ्यांवर. त्याने सांगायला घेतलं, बापासारखे हातवारे करून, आणि शेवटाला आला तेव्हा म्हणाला, मग डॉक्टर गोळी काढतो, माय त्याच्या कपाळावर हात ठेवते आणि तो डोळे उघडतो. पोरं आधी एकमेकांकडे बघत राहिली आणि मग जी हसली. हिरो मरतो हे अख्ख्या नांदेडला ठाऊक होतं. रविकांत हट्टाला पेटला, शपथा घेतल्या. पुढच्या रविवारी पोरांनी त्याला जुन्या मोंढ्याजवळच्या थेटरात नेऊन बसवलं. डॉक्टर आलाच नाही. मायच्या मांडीवर हिरोची मान कलली ती कललीच. बाहेर येताना नरसिंग नावाच्या पोराने त्याचं नाव ठेवलं, जिवंत्या. दोन वर्षं तो जिवंत्या होता. जेवणाच्या रांगेत, शाळेच्या मैदानावर, सगळीकडे. ह्या नावात चिडण्यासारखं काय आहे हे कुणाला समजावून सांगता येत नसे, म्हणून जास्तच चीड यायची. त्याने कानाला खडा लावला. आयुष्यात जे मोजता येईल तेवढंच बोलायचं. पुढे तो जमीन मोजायच्या नोकरीत लागला, तेव्हा जुने मित्र म्हणाले, तुला बरोबर मिळाली.

सहामाहीच्या सुट्टीत तो घरी आला तो हे पोटात घेऊनच. रविवार होता. ग्यानोबा पायऱ्यांवर बसून कुठला तरी दुसराच सिनेमा सांगत होता, तोही रविकांतने मधल्या काळात पाहिलेला. इंटरवल झाला, माणसं पाणी पिऊन आली. शेवट आला. हिरो पुराच्या पाण्यात वाहून गेला, लोक ओरडले आणि ग्यानोबा म्हणाला, "आन् तिकडं, काठाला, एक हात वर आला." रविकांत उभा राहिला. "खोटंय बा. तो मरतो. तुम्ही सगळंच खोटं सांगता." ग्यानोबाने आधी त्याच्याकडे पाहिलंच नाही. बायांमध्ये बसलेल्या धुरपताबाईकडे पाहिलं, रविकांतच्या मायकडे. मग लेकाकडे वळला आणि म्हणाला, "हाव. मरतो." खांद्यावर उपरणं टाकून उठला आणि घरी गेला. बास, एवढंच झालं. रागावला नाही, रुसला नाही, दुसऱ्या दिवशी आडतीवर गेला. पण पिच्चर सांगणं संपलं. कुणी गळ घातली की म्हणायचा, "आता टीव्ही आलाय की. ज्याचं त्यानं बघावं." खोट्याच्या कपाळी गोटा, असं रविकांत तेव्हा मनात म्हणाला होता. पस्तीस वर्षांत ते वाक्य त्याला जसं टोचलं तसं दुसरं कुठलं टोचलं नाही.

अहमदपूरला बस थांबली. पोरं उतरून उसाचा रस पिऊन आली. रविकांत जागचा हलला नाही. लातूर जसं जवळ येत होतं तसं त्याला नेमकं काय भ्यायचं ते कळत चाललं होतं. टेस्ट बुडाली तर बुडाली. रेक्टरने पाहिलं तर हातापाया पडू. पण लुंबिनी समोर आल्यावर आपल्या तोंडून एक शब्द वावगा गेला तर ती पोरगी त्याच्या बापासारखीच उठून जाईल. भांडणार नाही, आदळआपट करणार नाही. 'हाव' म्हणेल आणि संपेल. आणि तशी ती अर्धी संपलेलीच होती. एका माणसाचं बोलणं त्याने एकदा बंद केलं होतं. दुसऱ्यांदा तेच हातून होऊ नये, एवढ्यासाठी तो बांध सोडून बसमध्ये बसला होता.

म्हातारपणी ग्यानोबा नांदेडला लेकाकडे येऊन राहिला आणि लुंबिनीने त्याला ह्या उडणाऱ्या सिनेमांची गोडी लावली. पहिला भाग तिने त्याला टीव्हीवर दाखवला. तो म्हणाला, "सगळं बरं हाय, पण ह्याला जेवताना एकदा बी दाखवलं न्हाई." पुढचे भाग दोघांनी थेटरात जाऊन पाहिले, पांढरा नेहरू शर्ट घालून, रिक्षाने. परत आले की धुरपताबाईच्या खाटेजवळ बसून नात आणि आजा मिळून तिला पिच्चर सांगायचे. रविकांत कामावरून आला की त्यांचा आवाज दारापर्यंत यायचा. तो आत पाऊल टाकायचा आणि ग्यानोबा थांबायचा. "ये, हातपाय धू," म्हणायचा. रविकांतला तिथं बसावंसं वाटायचं. मी पण ऐकतो बा, एवढं म्हणायचं होतं. एवढंसं वाक्य, ते कित्येक वर्षं जिभेवर आलं नाही. मग गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी ग्यानोबा गेला. सकाळी चहा मागितला आणि तो येईपर्यंत गेला. लुंबिनीची परीक्षा अकरा दिवसांवर होती.

सांगायचं नाही, असं ठरलं. कुणी ठरवलं असं नंतर नेमकं सांगता आलं नसतं. पाहुणे म्हणाले, लेकराचं वर्ष जाईल. त्याची बायको मनिषा म्हणाली, परीक्षा होऊ द्या. रविकांतने मान हलवली. एकटी धुरपताबाई म्हणत होती, "तिचा आजा हाय, तिला सांगा." पण त्या दिवशी तिचं कोण ऐकणार होतं? पाच वाजता फोन आला तेव्हा दिवाणखान्यात माणसं बसली होती आणि त्रिसरण चाललं होतं. रविकांत फोन घेऊन न्हाणीघरात गेला, दार लावलं. "आजोबा काय करून राहिले पप्पा?" लुंबिनीने विचारलं. तो म्हणाला, "झोपलेत." आणि आवाज कसला, तर शेजारी गृहप्रवेश आहे. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच विचारलं. झोपलेत हे रोज चालणार नव्हतं. तो म्हणाला, आज दाढी केली. तिसऱ्या दिवशी आजोबा नळ दुरुस्त करणाऱ्याशी भांडले. चौथ्या दिवशी टरबूज आणलं ते आतून पांढरं निघालं, तर परत द्यायला गेले. पाचव्या दिवशी रविकांतच्या लक्षात आलं की आपण सकाळी शिवारातच आज बाला काय करायला लावायचं ते जुळवून राहिलोय. आठव्या दिवशी ग्यानोबा कंधारच्या किल्ल्यात गेला आणि खंदकाजवळ त्याला आडतीवरचा जुना सोबती भेटला, मग दोघांनी एकाच चिलमीवर दुपार काढली. दहा मिनिटं संपायची आणि तिकडून कुणी तरी ओरडायचं, लुंबिनी, ठेव आता. फोन ठेवल्यावर त्याला बरं वाटायचं आणि बरं वाटल्याची लाज वाटायची. ज्याने बापाला खोटारडा ठरवलं तो बापालाच घेऊन रोज खोटं रचत होता. आणि तेही झकास रचत होता. जित्याची खोड म्हणतात ती बापाची बापाबरोबर गेलीच नव्हती, लेकात येऊन बसली होती.

परीक्षा झाली त्या दिवशी परतीच्या गाडीत मनिषाने सांगून टाकलं. लुंबिनी खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "बरं." नंतर आजोबा हा शब्द तिने घरात कधी काढला नाही. निकाल थोडक्यात हुकला, ती पुन्हा लातूरला गेली, पाच वाजताचे फोन चालू राहिले, पण त्यात आता जेवलीस का, झोपलीस का, ह्यापुढे काही उरलं नव्हतं. आणि त्याआधी, ग्यानोबाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी धुरपताबाईने भांडी विसळता विसळता त्याला जे सांगितलं ते तिने इतकी वर्षं का ठेवून घेतलं होतं कोण जाणे. "तुझ्याआधीचा आनंदराज चार वर्षांचा होऊन गेला. त्याच महिन्यात त्यांची पिच्चरची पाळी. त्यात लेक मायच्या मांडीवर मरतो. सांगता सांगता त्यांनी माझ्याकडं पाह्यलं. आन् डॉक्टर आणला. पुढं लोक तोच पिच्चर सारखा सांगायला लावायचे, दर येळी डॉक्टर आलाच. तवापास्नं त्यांच्याच्यानं कुणाला मारवलं न्हाई." तो तिथेच ओट्यावर बसला. मुसमुसून रडला. बाप गेला तेव्हाही तो तसा रडला नव्हता.

लातूरला उतरला तेव्हा दुपार कलली होती. क्लासच्या गल्ल्यांमध्ये गेल्या साली पहिली आलेली पोरं दोन दोन मजले उंच फलकांवरून हसत होती आणि खाली ह्या सालची पोरं डबे घेऊन मान खाली घालून चालली होती. वसतिगृहाच्या दारात रेक्टर नीलम्मा बसल्या होत्या, निलंग्याकडच्या, आवाजाने कडक. "भेट रविवारी असते सर." रविकांत काही बोलेपर्यंत त्यांनी त्याचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला. "मी बी पाह्यले ते मोबाइलवर. कुणाला सांगले न्हाई. पोरगी चांगली हाय. बसा, लावून देते." अंगणात बदामाच्या झाडाखाली सिमेंटचा बाक होता. साडेचारला क्लास सुटल्यावर लुंबिनी आली ती हात पुसत आली आणि त्याला बघून दोन पावलं अलीकडेच थांबली. वाळली होती. तिने त्याचा चेहरा वाचला आणि स्वतःच सुरुवात केली.

"टेस्ट बुडवली. एकच बुडवली पप्पा. भरून काढीन."

"टेस्टचं राहू दे. बस."

ती बसली, पण टोकाला. "मग?"

रविकांतने बसमध्ये बरीच वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही हाताला लागलं नाही. त्याने विचारलं, "कसा होता पिच्चर?"

लुंबिनीने मान वळवून नीट बघितलं, हा आपलाच बाप आहे ना, असं. मग हळूहळू बोलू लागली. "आमचं ठरलं होतं. आजोबा म्हणले होते, उडत्याचा शेवटचा भाग आला की मला खाटेसगट उचलून न्या, पण न्या. म्हणून दोन तिकिटं काढली. शेजारच्या खुर्चीवर सॅक ठेवली. एक जण बसायला आला, त्याला म्हणलं, माणूस यायचाय." ती थांबली. "शेवटी तो गेला तवा सगळं थेटर रडून राहिलं. मला रडूच येईना. आजोबा म्हणायचे, पिच्चर दोन असतेत, एक पडद्यावरचा, एक घरी न्यायचा. मला वाटलं, आता हे आजीला जाऊन असं थोडंच सांगणार हायेत ते. बाहेर आले तर त्यानं माइक पुढं केला. तोंडातून निघून गेलं."

"लुंबे," रविकांत म्हणाला, "मी तुला खोटं बोललो. अकरा दिवस." हे तो पहिल्यांदाच म्हणत होता. म्हटल्यावर त्याला वाटलं, आता ती उठणार.

ती उठली नाही. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. मागं त्रिसरण चालू होतं. तुम्ही म्हणलात शेजारी गृहप्रवेश हाय. त्यात आजीचा आवाज होता पप्पा. आजी शेजाऱ्याच्या गृहप्रवेशात रडत रडत म्हणंल का?"

बदामाचं एक लाल पान बाकावर पडलं होतं. ते त्याने उचललं आणि पुन्हा होतं तिथंच ठेवलं. अकरा दिवस. म्हणजे नळवाला, टरबूज, किल्ला. तिला सगळं ठाऊक असताना ती रोज पाच वाजता फोन लावून विचारत होती. "मग इचारायचीस कशाला?" त्याने कसंबसं म्हटलं. "आजोबा काय करून राहिले, म्हणून?"

"तुम्ही सांगायचात म्हणून," लुंबिनी म्हणाली. "पाच वाजले की दहा मिनिटं आजोबा हायेत, असं वाटायचं. त्यांच्यावाणीच सांगायचात. टरबूज परत द्यायला गेले तवा तर मी इथं हसले, मागच्या पोरींना वाटलं हिला काय झालं. मग परीक्षा झाली आन् मम्मीनं सांगून टाकलं. तवा गेले ते."

"राग आला असंल."

"आला की. लई आला." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "खोटं बोललात त्याचा न्हाई. सांगायचं बंद केलं त्याचा."

रविकांतने चष्मा काढला. विहाराच्या पायऱ्यांवरून उठून गेलेला बाप त्याला पाठमोरा दिसला, खांद्यावर उपरणं टाकलेला. त्या दिवशी मागे धावत जाऊन, बा, पुढं काय झालं, एवढं विचारलं असतं तर? तेरा वर्षांच्या पोराला ते कुठून सुचणार. आत कुणी तरी घंटा वाजवली. जिन्यावरून पोरी फोनच्या रांगेसाठी धावत उतरू लागल्या. नीलम्मा त्यांना ओरडत होत्या, हळू, हळू, दात पडतेत. लुंबिनीने तिकडे बघितलं, मग बाकाच्या टोकावरून सरकत त्याच्या जवळ येऊन बसली.

"पाच वाजले पप्पा," ती म्हणाली. मग इतक्या हळू की त्याला वाकून ऐकावं लागलं, "आज काय केलं आजोबांनी?"

बोटभर जमीन कधी इकडची तिकडे न करणाऱ्या त्या माणसाने एकदा घसा खाकरला. "आज," तो म्हणाला, "आज सकाळीच उठले. पांढरा शर्ट घातला. मी म्हणलं, कुठं निघाला बा, तर म्हणले, लातूरला. खिडकीपाशी बसले येष्टीत. हरभरा कसा हाय बघत आले. अहमदपूरला उतरून रस प्याले, मला न इचारता."

"मग?"

"मग थेटरात आले. उशीर झाला त्यांना. अंधारात पायरी दिसंना. पण एका खुर्चीवर सॅक होती."

लुंबिनीने तोंडावर ओढणी धरली. तिचे खांदे हलू लागले. दहा महिने अडलेलं रडू आता आवाज करत बाहेर आलं, फोनच्या रांगेतल्या पोरी वळून बघू लागल्या. रविकांतने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण सांगायचं थांबवलं नाही. बाप सांगायचा तेव्हा माणसं रडायची, तरी तो कधी थांबायचा नाही. थांबायचा तो फक्त इंटरवलला.

"आणि शेवट?" तिने ओढणीतून विचारलं.

"सांगतो की," रविकांत म्हणाला. "शेवट लांब हाय अजून. आधी जाऊन पाणी पिऊन ये."